महिन्याला एक-दोन रोल धुणाऱ्यांनी कोणता डेव्हलपर घ्यावा? बेळगावच्या हवेत टिकणारे आणि न टिकणारे

ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, म्हणजे डेव्हलपर, निवडताना बहुतेक जण ग्रेन (चित्रातले दाणे) आणि शार्पनेसचे नमुने बघतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरी महिन्याला एखाद-दुसरा रोल धुणाऱ्याने मात्र आधी दोन वेगळे प्रश्न विचारावेत. उघडलेली बाटली किती टिकते? आणि बिघडताना ती सांगून बिघडते की गुपचूप? ग्रेनमधला फरक आठ बाय दहाच्या प्रिंटवर भिंग लावून शोधावा लागतो. मेलेल्या डेव्हलपरमधून निघालेला कोरा रोल शोधावा लागत नाही. पाच लिटरचं पाकीट लिटरमागे स्वस्त पडतं हे खरं, पण त्यातले तीन लिटर मोरीत ओतावे लागले तर हिशेब उलटा होतो.

इथे सहज मागवता येणारे आणि घरी बनवता येणारे डेव्हलपर या एकाच कसोटीवर खाली तपासले आहेत. सोबत बाटल्या, पाणी आणि चाचणीचंही लिहिलं आहे, कारण चांगला डेव्हलपर वाईट बाटलीत भरला की कंपनीने छापलेल्या मुदतीला काही अर्थ राहत नाही.

डेव्हलपरचं काम फिल्मवरच्या प्रकाश लागलेल्या सिल्व्हर हॅलाइडला (चांदीच्या क्षाराला) इलेक्ट्रॉन देऊन त्याची चांदी करणं. हवेतला ऑक्सिजनही इलेक्ट्रॉन घ्यायला टपलेलाच असतो, आणि डेव्हलपरला दोघांत फरक कळत नाही. सोडियम सल्फाइट घालतात ते मुख्यतः यासाठीच: ऑक्सिडेशनचा वेग ते बराच कमी करतं, पण थांबवत नाही. कागदावरचा हिशेब करून बघा. एक लिटरची बाटली अर्धी रिकामी असेल तर तीत अर्धा लिटर हवा, म्हणजे साधारण १०० मिली ऑक्सिजन. डी-७६ या नेहमीच्या डेव्हलपरच्या उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये हायड्रोक्विनोन, म्हणजे त्यातलं एक प्रत्यक्ष काम करणारं रसायन, असतं अडीच ग्रॅम. तो सगळा ऑक्सिजन कामी लागला तर त्यातला साधारण पाचवा हिस्सा संपवू शकतो. हे एकदा झाकण लावल्यावरचं झालं. पुढच्या रोलला पुन्हा झाकण उघडलं की नवी हवा आत. खरं नुकसान बाटली वारंवार उघडण्याने आणि प्लास्टिकमधून हवा झिरपण्याने होतं. नुसत्या पडून राहण्याने त्या मानाने कमी.

दुसरी गोष्ट उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. छापील मुदती थंड देशांतल्या कपाटासाठी असतात, अथणी-रायबागच्या मे महिन्यासाठी नव्हे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर असल्याने इथे थोडी सवलत मिळते, पण कौलाखालच्या माळ्यावर दुपारी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे प्रश्न वेगळा. तिथे उष्णता कमी, पण पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब. बाटलीत बंद असलेल्या द्रवाला त्याचं काही वाटत नाही, पावडरला वाटतं.

रॉडिनल आणि त्याचे भाऊबंद

कमी रोल धुणाऱ्यांसाठी पहिली शिफारस हीच. १८९१ साली पेटंट झालेलं हे मिश्रण आज रॉडिनल, अ‍ॅडोनल, आर०९ अशा नावांनी मिळतं. फोमाचा फोमाडॉन आर०९ जरा जुन्या सूत्रावरचा, पण त्याच घराण्यातला. पॅरा-अमिनोफिनॉल, सल्फाइट आणि भरपूर अल्कली इतकाच मामला. उघडलेली, अर्धी झालेली बाटली काही वर्षं चालते. रंग आधी गुलाबीसर, मग लाल आणि शेवटी काळ्या चहासारखा होतो. त्याला घाबरायचं कारण नाही. काळं झालेलं रॉडिनल फेकून देणारे पुष्कळ आहेत, आणि ते चांगला माल फेकतात.

वापर एकदाच, पातळ करून. पॅटरसनच्या टँकमध्ये (फिल्म धुण्याच्या बंद डब्यात) ३५ एमएमच्या एका रोलला २९० मिली द्रावण लागतं. १+५० ला, म्हणजे एक भाग डेव्हलपर आणि पन्नास भाग पाणी घेतलं की, त्यात ५.७ मिली रॉडिनल बसतं. सावध मंडळी रोलमागे १० मिलीचा नियम पाळतात. ५-६ मिलीवरही रोल नीट निघतो, पण त्याखाली जाऊ नका. एवढी छोटी मात्रा मापनळीने मोजण्यात अर्थ नाही. मेडिकलमधून १० मिलीची सुई नसलेली सिरिंज आणा आणि दर वापरानंतर धुऊन ठेवा.

इल्फोर्डच्या तक्त्यात त्यांच्या एचपी५ प्लस फिल्मला १+५० मध्ये २० अंशांवर ११ मिनिटं आहेत. २४ अंशांवर ती पावणेआठच्या आसपास येतात. १+२५ मात्र उन्हाळ्यात टाळा, कारण २० अंशांवरच सहा मिनिटं असलेला वेळ गरम पाण्यात चारच्या घरात येतो. पाच मिनिटांखाली गेलं की टँकमध्ये ओतायला-काढायला लागणारे काही सेकंदही डाग पाडतात.

दोष लपवण्यासारखे नाहीत. ग्रेन उठून दिसतो, सावल्यांतला तपशील थोडा जातो, आणि ४०० आयएसओचा रोल १६०० चा समजून काढला असेल तर हा गडी कामाचा नाही. टिकण्याच्या बाबतीत एकच खोड: यातलं अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि बाटलीच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. तिच्यामुळे झाकण पूर्ण बसत नाही आणि हवा जात राहते. दर वेळी तोंड आणि झाकणाचे आटे ओल्या कपड्याने पुसा. हातमोजे घाला, कारण द्रव कॉस्टिक आहे.

पॅरासिटामॉलवाला घरगुती प्रकार

रॉडिनलचा चुलतभाऊ घरी बनतो. शुद्ध पॅरासिटामॉल १५ ग्रॅम हवं: ५०० मिलिग्रॅमच्या ३० गोळ्या, किंवा आपल्याकडे घरोघरी पडलेल्या ६५० च्या २३. नुसत्या पॅरासिटामॉलच्याच घ्या. कॅफिन किंवा सर्दीची औषधं मिसळलेल्या नकोत. सोबत निर्जल सोडियम सल्फाइट ५० ग्रॅम, सोडियम हायड्रॉक्साइड २० ग्रॅम आणि एकूण २५० मिली व्हायला पाणी. जाड बोरोसिलिकेट काचेच्या भांड्यात १५० मिली थंड पाणी घ्या आणि त्यात हायड्रॉक्साइड थोडं थोडं घालत ढवळा. उलट, म्हणजे हायड्रॉक्साइडवर पाणी, कधीही ओतू नका; उसळून अंगावर येतं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं तर मुळीच नको, अल्कली ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. डोळ्यांवर चष्मा हवा. थोडं निवलं की कुटलेल्या गोळ्या, मग सल्फाइट, मग पाण्याने २५० मिली. झाकून तीन दिवस ठेवा. एवढ्या काळात अल्कली पॅरासिटामॉल फोडून पॅरा-अमिनोफिनॉल तयार करते. गोळ्यांतला चिकट भाग तळाला बसतो तो गाळून टाका. वापर रॉडिनलसारखाच १+५० पासून, पण पहिला रोल महत्त्वाचा नसावा. लहान बाटल्यांत भरून वर्षाच्या आत संपवा. मूळ मालाइतका तो भरवशाचा नाही, कारण गोळ्या आणि सल्फाइटची प्रत दर वेळी सारखी नसते.

सल्फाइट घेताना डब्यावर ‘निर्जल’ आहे का ते बघाच. स्फटिकांत सात रेणू पाणी असलेलं मिळालं तर दुप्पट वजन घ्यावं लागतं. सैल बांधलेल्या पिशवीतलं सल्फाइट हळूहळू सल्फेट होतं, दिसायला तसंच पांढरं आणि डेव्हलपरला निरुपयोगी. कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल देणाऱ्या दुकानातून सीलबंद डबा घेणं बरं.

एचसी-११० आणि इल्फोटेक एचसी

१९६२ पासूनचं कोडॅकचं एचसी-११० टिकाऊपणासाठी नावाजलं गेलं ते त्याच्या पाकामुळे. जुन्या सूत्रात पाणी जवळपास नव्हतंच. पाणी नाही तर ऑक्सिडेशनही रेंगाळतं, आणि उघडलेल्या बाटल्या वर्षानुवर्षं चालत. ही कीर्ती सांगणारे पुष्कळ जण एक गोष्ट विसरतात: २०१९ मध्ये सूत्र बदललं. त्यानंतरचा माल पातळ, ओतायला सोपा आणि पाणी असलेला आहे. जुन्या बाटलीची वर्षं नव्या बाटलीला लावू नका. नवी बाटली उघडली की लहान बाटल्यांत भरा आणि छापलेली तारीख खरी माना. दुकानात जुना माल पडून असेल तर बाटली आडवी करून बघा. मधासारखा संथ हलला तर जुना, झपकन सरकला तर नवा. रंग पिवळट ते नारिंगी ठीक, गडद तपकिरी झाला की आधी चाचणी.

आपल्या हवेत याची दुसरी अडचण वेळेची. नेहमीच्या १+३१ ला ट्राय-एक्स ४०० फिल्मसाठी कोडॅकचा वेळ २० अंशांवर पावणेचार मिनिटं. इथे नळाचं पाणी एप्रिलमध्ये त्याहून दहा अंश वर असतं, तेव्हा तो तक्ता शोभेचाच. म्हणून १+६३ करा आणि वेळ दुप्पट धरून सुरुवात करा. मात्र रोलमागे मूळ पाक ६ मिली तरी हवा. १+६३ ला ६ मिलीचं द्रावण ३८४ मिली होतं, म्हणजे ३५ एमएमच्या एका रोलला दोन रिळांचा टँक लागेल. एका रिळाच्या टँकमध्ये २९० मिलीला साडेचार मिलीच बसतो. आकाश, पांढरी भिंत असा जास्त प्रकाश लागलेला भाग अशा वेळी मळकट निघतो. पातळ करण्याचं आणि वेळेचं हेच गणित इल्फोटेक एचसीला लागू.

डी-७६ आणि आयडी-११

सर्वांत माहितीतला, सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि साठवणीत सर्वांत जास्त बिघडवला जाणारा डेव्हलपर. दोन्हींचं सूत्र जवळजवळ एकच: लिटरला मेटॉल (दुसरं काम करणारं रसायन) २ ग्रॅम, सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम. कोडॅक म्हणतं, भरलेल्या घट्ट बाटलीत सहा महिने आणि अर्ध्या बाटलीत दोन. इल्फोर्ड अर्ध्या बाटलीला एकच महिना देतं. सूत्र एक आणि सल्ले दोन असतील तर आपल्याकडे कडक सल्ला पाळावा, आणि मार्च ते मे तोही महिन्याऐवजी तीन आठवडे समजावा.

याची एक खोड कमी जणांना माहीत असते. बाटलीत पडलेला डी-७६ आधी मंद होत नाही, तेज होतो. हायड्रोक्विनोन ऑक्सिडाइझ होऊन सल्फाइटशी जोडलं जाताना अल्कली सुटते, टाकणखार एवढासा असल्याने तिला आवरत नाही आणि पीएच चढतो. त्यामुळे महिन्याभरापूर्वीच्या बाटलीतून निघालेला रोल कधी कधी अपेक्षेपेक्षा जास्त कडक कॉन्ट्रास्टचा येतो, आणि माणूस एक्स्पोजर मीटरला दोष देतो. मग पुढे ताकद उतरते, द्रावण चहाच्या रंगाचं होतं. हीच खोड मोडायला टाकणखार ८ ग्रॅम करून बोरिक अ‍ॅसिड ८ ग्रॅम घातलेलं डी-७६डी नावाचं सूत्र आहे. घरी रसायनं मोजणाऱ्यांनी तेच करावं. एवढं मात्र खरं की मरताना हा रंगाने सांगतो. तपकिरी झालेला डी-७६ वापरू नका.

उपाय सोपा आहे. लिटरचं पाकीट कालवल्याबरोबर २०० मिलीच्या पाच बाटल्यांत काठोकाठ भरा. एक बाटली, एक रोल. १+१ साठी १४५ मिली डेव्हलपर आणि १४५ मिली पाणी घेतलं की २९० मिली होतं. उरलेल्या ५५ मिलीवर लीडरची (रोलच्या सुरुवातीच्या, उजेड लागलेल्या टोकाची) चाचणी करा आणि ओतून द्या. लिटरमागे एखादा रोल कमी निघेल, पण पाचवा रोल पहिल्यासारखाच येईल. इतक्या कमी द्रावणात १+१ करताना कोडॅकच्या सल्ल्याप्रमाणे वेळ दहा टक्के वाढवा. १२० च्या, म्हणजे रुंद फिल्मच्या, रोलला ५०० मिली लागतं, म्हणजे बाटल्या २५० मिलीच्या. पातळ केलेलं द्रावण परत बाटलीत भरायचं नाही.

पाकिटातली अर्धी पावडर आज आणि अर्धी पुढच्या महिन्यात, असं करू नका. कण वेगवेगळ्या जाडीचे असतात, हलताना थर लागतात, आणि चमच्यात मेटॉल किती आलं ते कोणी सांगू शकत नाही. न उघडलेलं पाकीट वर्षानुवर्षं चालतं, जोवर पुडी कुठे टोचलेली नाही. खानापूरकडच्यांनी पाकीट स्टीलच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावं. उघडल्यावर पावडर पांढरीशुभ्र हवी. पिवळट, गुलाबी किंवा तपकिरी असली तर कालवण्याचा त्रासही घेऊ नका.

घरी बनवायला सर्वांत सोपं डी-२३: मेटॉल साडेसात ग्रॅम, सल्फाइट १०० ग्रॅम, पाणी एक लिटर. सराफी काट्यावर वजन होतं. पाणी ५० अंशांच्या आसपास हवं. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल पूर्ण विरघळू द्या, मग बाकीचं सल्फाइट. क्रम चुकला, सल्फाइट आधी गेलं, तर मेटॉल विरघळायचं नाव घेत नाही. हायड्रोक्विनोन नसल्याने डी-७६ ची ती तेज होण्याची खोड यात नाही. मेटॉलने काहींच्या हाताला खाज उठते, म्हणून हातमोजे हवेतच.

एक्सटॉल, एक्सटी-३ आणि व्हिटॅमिन सी चं घराणं

निगेटिव्हच्या दर्जात हे घराणं सर्वांत पुढे. ग्रेन बारीक, सावल्या भरलेल्या, फिल्मचा पूर्ण वेग मिळतो. कोडॅकचं एक्सटॉल १९९६ चं. मेटॉल-हायड्रोक्विनोनच्या जागी एस्कॉर्बेट (व्हिटॅमिन सी चं रूप) आणि फेनिडोन नावाच्या डेव्हलपिंग रसायनाचा भाऊ. पावडर साध्या तापमानाच्या पाण्यात विरघळते, गरम करायला नको. तरीही महिन्याला दोन रोलवाल्याला याची शिफारस करता येत नाही, कारण हा न सांगता मरतो. काल रंगहीन आणि चालू, आज तसाच रंगहीन आणि मेलेला. डोळ्यांना काही कळत नाही, वासाला काही कळत नाही, आणि टँक उघडल्यावर पारदर्शक पट्टी हातात येते.

एस्कॉर्बेटचा शत्रू लोखंड. पाण्यात लोहाचा अंश असला तर ऑक्सिडेशनला जोर चढतो. आपल्याकडची तांबडी माती आणि जांभा लक्षात घेता बोअरचं पाणी यात घालणं म्हणजे आपल्या हाताने मुदत कापणं. बादलीच्या तळाला तांबूस साका बसतो त्या घरी तर प्रश्नच नाही. डिस्टिल्ड पाणीच घ्या. एक्सटॉल पाच लिटरमध्येच येतं. चार-पाच मित्रांनी मिळून एकाच दिवशी कालवून वाटून घेतलं तर जमतं. एकट्याने घ्यायचं तर अ‍ॅडॉक्सचं एक्सटी-३ किंवा फोमाडॉन एक्सेल लिटरमध्ये मिळतं. काच, काठोकाठ, दोन महिन्यांत संपवायचं, आणि प्रत्येक रोलआधी चाचणी. ही शिस्त जमणाऱ्यालाच हा डेव्हलपर लाभतो. रोलमागे मूळ द्रावण १०० मिली तरी हवं.

इल्फोसोल ३ द्रव असल्याने नवशिक्यांना भावतो, पण उघडल्यावर त्याचं आयुष्य महिन्यांत मोजायचं आणि शेवट झटक्यात. सहा आठवड्यांत बाटली संपणार असेल तरच घ्या. कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी चं कॅफेनॉल साठवायचंच नसतं. कालवल्यावर तासाच्या आत ओतायचं. कर्नाटकात राहून एक खबरदारी मात्र घ्यावी: इथल्या बऱ्याच इन्स्टंट कॉफीत चिकोरी असते, आणि डेव्हलपर म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. वेष्टनावर शंभर टक्के कॉफी लिहिलेलीच आणा.

बाटल्या

तपकिरी काचेची, आत मऊ अस्तर असलेल्या झाकणाची बाटली सर्वांत चांगली. रंग दुय्यम आहे, बाटली अंधाऱ्या फडताळात असेल तर पांढरी काचही चालते, झाकण मुख्य. औषधाच्या २०० मिलीच्या बाटल्या त्यासाठी उत्तम, फक्त सिरपची साखर गरम पाण्याने पूर्ण काढा. बिअरच्या बाटल्यांचा मोह आवरा, ते झाकण पुन्हा हवाबंद बसत नाही. रॉडिनलच्या जातीच्या द्रवांना घासून बसवलेला काचेचा बूच नको. अल्कलीने तो कायमचा चिकटतो.

काचेनंतर नंबर पीईटीचा, म्हणजे सोड्याच्या जाड बाटलीचा. ऑक्सिजन फार हळू झिरपतो, आणि बाटली दाबून हवा काढून झाकण लावता येतं. मात्र ही पेयाची बाटली आहे. घरात मुलं असतील, कामाला मावशी येत असतील, तर त्या आकाराची बाटली नकोच. ठेवलीच तर वेष्टन खरवडून काढा आणि मराठी व कन्नड दोन्ही लिप्यांत मोठ्या अक्षरांत विष असल्याचं लिहा. दुधाळ, मऊ प्लास्टिकचे कॅन फिक्सरला (डेव्हलपरनंतर चित्र कायम करणाऱ्या द्रावणाला) चालतील, डेव्हलपरला नाहीत. आणि डार्करूमसाठी म्हणून विकली जाणारी ती दाबून चपटी करायची घड्यांची बाटली: पैसे वाचवा. प्लास्टिक तेच मऊ आणि झिरपणारं, घड्या धुतल्या जात नाहीत, चपटी करून ठेवली की हळूहळू फुगून हवा आत ओढते.

मोठ्या बाटलीत काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणण्याची युक्ती खरोखर चालते. गोट्या आधी साबणाने धुवा.

लेबलवर नाव, कालवल्याची तारीख, उघडल्याची तारीख आणि मूळ की पातळ, एवढं हवं. कागदी लेबल पहिल्या पावसाळ्यात गळून पडतं. कायम शाईच्या मार्करने लिहून वर पारदर्शक टेप लावा. जागा म्हणजे खालच्या मजल्यावरचं, भिंतीतलं, ऊन न लागणारं फडताळ. माळा नको. फ्रिजही नको: अन्नाशेजारी विषारी रसायन हे एक, आणि गारठ्यात काही घटक स्फटिक होऊन तळाला बसतात हे दुसरं. फिक्सरचं नरसाळं डेव्हलपरला वापरू नका.

पाणी आणि तापमान

मूळ द्रावण कालवायला डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घ्या. वीस लिटरच्या जारचं चालेल. कालवण्याआधी उकळून झाकून निववलं तर विरघळलेला ऑक्सिजनही निघून जातो. शहरातलं राकसकोपचं नळपाणी पातळ करायला ठीक आहे. कडक बोअरच्या पाण्याने द्रावण गढूळ होतं आणि फिल्मवर पांढरी भुकटी राहते.

उन्हाळ्यात २० अंशांचा हट्ट सोडा, २४ धरा. परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात टँक आणि बाटल्या उभ्या केल्या की तिथवर येता येतं. किंवा पातळ करायच्या पाण्यातच आरओच्या पाण्याचा बर्फ टाका आणि वितळल्यावर मोजा. वेळ अंशामागे साधारण दहा टक्क्यांनी घटतो. डिसेंबरच्या सकाळी हे काहीच करावं लागत नाही.

चाचणी

रोल भरण्याआधी लीडरचा बोटभर तुकडा कापा. टँकसाठी बनवलेल्याच प्रमाणाच्या, त्याच तापमानाच्या द्रावणात तो उजेडात बुडवा आणि घड्याळ लावा. त्यातून पलीकडचा दिवा दिसेनासा व्हायला किती वेळ लागला ते नव्या बाटलीच्या वेळी लेबलवर लिहून ठेवा. पुढे कधी त्याच्या दीडपट वेळ लागला तर बाटली मोरीत. या चाचणीला मर्यादा आहे. लीडरला उजेड इतका लागलेला असतो की पंधरा-वीस टक्के कमजोर झालेला डेव्हलपरही त्याला काळा करतो. मेलेला पकडला जातो, आजारी सुटतो. म्हणून तारखेचं लेबल हवंच.

रोल पातळ निघाला तर काठावरचे छापील आकडे बघा. ते ठसठशीत आणि फोटो तेवढे फिके असतील तर डेव्हलपर निर्दोष, एक्स्पोजर कमी. आकडेही फिके असतील तर डेव्हलपर कमजोर, थंड किंवा वेळ कमी. आकडेच नाहीत, पट्टी काचेसारखी, तर डेव्हलपर मेलेला किंवा फिक्सर आधी गेलेला.

निवड

महिन्याला दोनपर्यंत रोल, तर रॉडिनल किंवा आर०९. ४०० चे रोल आणि मध्यम ग्रेन हवा, तर एचसी-११० लहान बाटल्यांत, १+६३ ने. महिन्याला तीन-चार किंवा सहलीनंतर एकदम पाच, तर डी-७६ किंवा आयडी-११ लिटरमध्ये. एक्सटी-३ त्याहून जास्त धुणाऱ्यांना. मोठी पाकिटं फोटो क्लबनी घ्यावीत.

मागवताना विक्रेत्याला बाटलीवरच्या तारखेचा फोटो पाठवायला सांगा. मुंबई किंवा बेंगळुरूहून द्रव माल बहुधा रस्त्यानेच येतो आणि गोदामांत पडतो, तेव्हा द्रव डेव्हलपर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा आणि पावडर पाऊस लागायच्या आधी. पार्सल आल्यावर झाकणाचं सील आणि द्रवाची पातळी बघा. वाटेत झिरपलेली बाटली म्हणजे वाटेत हवा खाल्लेली बाटली, ती त्याच दिवशी परत करा.